पोटगीचा अर्ज नेमका अडतो कुठं? कोल्हापूर भागात कौटुंबिक प्रकरणं चालवणाऱ्यांसाठी धागा

करवीरकन्या · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एकोणीस वर्षं वकिली करते. त्यातली बारा वर्षं जवळजवळ फक्त कौटुंबिक प्रकरणं. गेल्या आठवड्यातली एक तारीख डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

करवीर तालुक्यातली मुलगी, पदरात चार वर्षांची लेक. अंतरिम पोटगीचा अर्ज दाखल होऊन चौदा महिने झाले. समोरच्याचं मालमत्तेचं शपथपत्र एकदाचं आलं, ते दोन पानांचं. 'व्यवसाय: शेतमजुरी. उत्पन्न: दरमहा आठ हजार. स्थावर: नाही.' त्या घराची साडेचार एकर उसाची शेती आहे, गोठ्यात सहा म्हशी आहेत. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे, पण आमच्या फाइलमध्ये त्याचा एक कागद नाही. यात माझीही चूक आहे. अर्ज घाईत दाखल केला, आणि 'पुरावा पुढं देऊ' म्हणत मीही तारखा जाऊ दिल्या.

कायदा काय म्हणतो? बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १४४ (म्हणजे आपलं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १२५) आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम २४, दोन्हीकडं अंतरिम अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा असं लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची हेही तिथंच ठरलं. समोरचा शपथपत्र द्यायला टाळाटाळ करत राहिला तर त्याचा बचाव काढून टाकायची मुभा कोर्टाला आहे.

त्या निकालाला जोडलेल्या नमुन्यांकडं आपण नीट बघत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. पहिला नमुना नोकरी-धंदेवाल्यांचा. दुसरा खास शेतकऱ्यांचा. तिसरा मेघालयासाठी. आपल्याकडं ऊस लावणाऱ्या माणसाकडूनही सर्रास पहिलाच नमुना भरून घेतात. त्यात पगार, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), आयकर विवरण असले रकाने. माणूस सगळीकडं 'नाही' लिहितो आणि त्याचं शपथपत्र कागदावर खरंही ठरतं! दुसऱ्या नमुन्यात जमीन किती आणि त्यात हिस्सा किती, बागायत की जिरायत, वर्षभरात कोणती पिकं, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, कुणाची जमीन वाट्यानं केली आहे का, जनावरं, दूधधंदा, कर्ज असं एकेक विचारलंय. हाच नमुना भरून द्यावा असा अर्ज पहिल्याच तारखेला द्यायला हवा.

तुमच्याकडं काय अनुभव आहे? कागद कसे गोळा करता? लिहा.

---

नवी_सनद · सोमवार, रात्री १०:१५

मॅडम, माझी सनद २०२३ ची. अडचण अशी की बाई माहेरी असते. सासरचा एक कागद तिच्याकडं नसतो. लग्नाची पत्रिका आणि फोटो, एवढंच घेऊन येते. तिच्याकडून उत्पन्नाचा पुरावा काढायचा कसा? आणि जमीन सासऱ्याच्या नावावर असली की समोरचे वकील 'नवऱ्याच्या नावावर काही नाही' एवढं म्हणून मोकळे होतात.

---

गडहिंग्लजचा_वकील · सोमवार, रात्री ११:०५

छान विषय काढलात ताई. माझी तिशी या कामात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सातबारा आणि आठ अ ऑनलाइन निघतो. त्याला सासरच्या कुणाची परवानगी लागत नाही. बाईला गावाचं नाव आणि सासऱ्याचं पूर्ण नाव माहीत असतंच. आठ अ वर त्या खातेदाराचे गावातले सगळे गट एका जागी दिसतात, म्हणून आधी तो काढा. मग एकेका गटाचा सातबारा. ई-पीक पाहणीमुळं (पिकाची मोबाइलवरून होणारी सरकारी नोंद) सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारामध्ये उसाचं क्षेत्र सापडतं. 'जमीन पडीक आहे' म्हणणाऱ्याला तेवढा एक उतारा पुरतो.

त्यानंतर फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. ही गोष्ट ज्युनिअर पोरं हमखास विसरतात. नोटीस गेली की दोन-तीन महिन्यांत भावाच्या नावानं हक्कसोडपत्र होतं. फेरफाराची तारीख आणि नोटीस बजावल्याची तारीख शेजारी शेजारी मांडा, न्यायाधीशांना वेगळं काही सांगावं लागत नाही. हे आधीच रोखायचं असेल तर घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम १८(ई) आहे, मालमत्ता विकू किंवा दुसऱ्याच्या नावावर करू नये असा आदेश त्यात मागता येतो. अर्ज लिहितानाच तो मागा, मागून सुचून उपयोग नाही.

सासऱ्याच्या नावावरच्या जमिनीचं असं. सासऱ्यानं स्वतः कमावलेली असेल तर त्यात मुलाचा जन्मतः हक्क नाही, तिथं उगाच डोकं आपटू नका. पण जुने फेरफार काढले की बहुतेक वेळा ती पणजोबा-आजोबांकडून वारसानं उतरलेली निघते. मग ढोबळ हिस्सा काढून दाखवा. करवीरकन्या ताईंच्या प्रकरणात साडेचार एकर म्हणजे १८० गुंठे. घरात सासरा, सासू, दोन मुलं, एक मुलगी धरली तर पाच वाटे होतात, वाट्याला ३६ गुंठे. मुलीला धरायला विसरू नका, २००५ नंतर तिचा वाटा मुलाएवढाच. हिशेब प्रामाणिक असला की कोर्टाचा आपल्यावर विश्वास बसतो. मी एकदा चार एकर अख्खी नवऱ्याची म्हणून दाखवली होती. समोरच्यानं ती खोडून काढली आणि मग माझ्या बाकीच्या आकड्यांकडंही कुणी बघेना.

उत्पन्न लावतानाही तसंच. २०२५-२६ ची एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा ठरलेला किमान दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे, पण ती अख्खी शेतकऱ्याच्या हातात पडत नाही. तोडणी-वाहतूक वजा होते, खत, पाणीपट्टी, सोसायटीचं व्याज. सगळं वजा करून आकडा मांडा.

आणि आता मुख्य मुद्दा. कारखाना आणि दूध संस्था यांच्याकडं नोंद पक्की असते. ऊस कुणाच्या नावावर नोंदला, किती टन गेला, बिल कोणत्या खात्यावर जमा झालं, सगळं. गावच्या दूध संस्थेकडं दर दहा दिवसांचं बिल असतं. विकास सोसायटीकडं पीककर्जाची नोंद असते, आणि कर्ज क्षेत्रावर मिळतं, म्हणजे क्षेत्र त्यानंच लिहून दिलेलं असतं! या तिघांना कागदपत्रं हजर करण्यासाठी समन्स काढायचा अर्ज द्या. सचिव मंडळी एरवी 'गावात राहायचंय हो' म्हणून कुणाला कागद देत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. कोर्टाचं समन्स दाखवता आलं की त्यांची सुटका होते.

---

करवीरकन्या · मंगळवार, सकाळी ७:२०

दादा, खूप उपयोगी. यात एक भर घालते. घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम २०(६) बघा. पोटगी थकली तर कोर्ट नवऱ्याच्या मालकाला, किंवा त्याच्या देणेकऱ्याला (ज्याच्याकडून नवऱ्याला पैसे येणं आहे त्याला), ती रक्कम थेट बाईला द्यायला किंवा कोर्टात भरायला सांगू शकतं. आपण हे कलम फक्त एमआयडीसीतल्या नोकरदारांसाठी वापरतो, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कंपनीला पत्र जातं आणि पगारातून कापून येतं. पण उसाचं बिल द्यायचं असेल तेव्हा कारखाना हा नवऱ्याचा देणेकरीच असतो. दुधाचं बिल देईपर्यंत दूध संस्थाही. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, म्हणजे हंगामात ही रक्कम केव्हा तयार होते तेही ठरलेलं आहे. अर्ज दिवाळीच्या आसपास तयार ठेवायचा, मार्चनंतर दिला तर बिलं उचलून झालेली असतात. मात्र ऊस नवऱ्याच्या नावानं नोंदलेला हवा. बापाच्या नावावर असेल तर हे चालत नाही.

---

वस्त्रनगरी · मंगळवार, दुपारी १:३०

मी इचलकरंजीचा. नवऱ्यांच्या बाजूनं जास्त उभा राहतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नये.

यंत्रमागावर पाळी करणाऱ्या माणसाची मजुरी धंद्याच्या तेजी-मंदीवर हलते. मंदीत आठवड्यातले तीन-चार दिवसच काम. त्याच्यावर 'दरमहा पन्नास हजार कमावतो' असा अर्ज येतो. कशाच्या आधारावर? अर्ज लिहिणाऱ्या वकिलानं आकडा फुगवला, म्हणून समोरच्यानं तो दाबला, आणि न्यायाधीश दोघांवरही विश्वास न ठेवता अंदाजानं मधला आकडा लावतात. त्या मधल्या आकड्यात खरी गरजू बाई मार खाते आणि खरा गरीब नवराही.

दुसरं, शपथपत्र दोघांनी द्यायचं आहे. शिकलेली, कुठं खासगी शाळेत किंवा दवाखान्यात काम करणारी बाई 'गृहिणी' लिहिते. तिचे वकील तसं लिहू देतात. बँक खात्याचा उतारा मागवला की उघडं पडतं आणि मग तिची खरी बाजूही कुणी ऐकत नाही. कमावते म्हणून तिचा हक्क जात नाही, हे तिला समजावून सांगितलं तर ती खरं लिहील.

तिसरं. फिर्यादीत लग्न झालेली नणंद, तिचा नवरा, पुण्यातला दीर, सगळ्यांची नावं. 'सर्वांनी मिळून छळ केला' एवढं एक वाक्य. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये कहकशाँ कौसर प्रकरणात आणि डिसेंबर २०२४ मध्ये दारा लक्ष्मी नारायण प्रकरणात अशा मोघम आरोपांवर स्पष्ट सांगितलंय. बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, सासरच्या छळाबद्दलचं कलम ८५ लावताना कोण, केव्हा, काय केलं ते लिहा. मोघम लिहिलं की खरा छळ करणाराही सुटतो.

---

करवीरकन्या · मंगळवार, दुपारी २:१०

वस्त्रनगरी, राग कसला? तुमचा पहिला मुद्दा मला शंभर टक्के पटतो. अर्जात आकडा लिहिताना मी आता बाईला विचारते, 'हे तू कोर्टात उलटतपासाला तोंड देताना सांगू शकशील का?' तिला जे सांगता येणार नाही ते लिहीत नाही.

नणंदेबाबत मात्र एवढंच म्हणेन की काही घरांत लग्न झालेली नणंदच सगळं चालवते. तिथं नाव घ्यावंच लागतं, पण प्रसंगासह.

---

माहेरवाशीण_भुदरगड · मंगळवार, रात्री ८:५०

मी वकील नाही. वाचून विचारावंसं वाटलं म्हणून लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीचं सहा वर्षांपूर्वी गावात बैठक बसून स्टॅम्पवर काडीमोड झालं. दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या आहेत, नोटरीचा शिक्का आहे. एक रकमी साठ हजार दिले. आता तिला दुसरीकडनं स्थळ आलंय. ती माणसं चांगली हाईत. पण मुलाचा चुलता म्हणतोय की हा कागद चालत नाही. खरं काय?

---

करवीरकन्या · मंगळवार, रात्री ९:३०

ताई, चुलते बरोबर सांगतायत, आणि लग्नाआधी सांगतायत हे फार चांगलं झालं. स्टॅम्प शंभरचा असो की आताचा पाचशेचा, नोटरी असो वा नसो, त्या कागदानं हिंदू विवाह मोडत नाही. विवाह कोर्टाच्या हुकूमनाम्यानंच मोडतो. अपवाद एकच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) प्रमाणं तुमच्या समाजात काडीमोडीची रूढी जुनी, अखंड आणि सर्वमान्य असेल तर ती मानतात. पण ती रूढी कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावी लागते, आणि ते सोपं नाही. या कागदावर बहिणीचं दुसरं लग्न लावलं तर ते कायद्यानं शून्य ठरू शकतं आणि तिच्यावर गुन्हाही होऊ शकतो.

घाबरू नका, वाट आहे. पहिला नवरा तयार असेल तर परस्पर संमतीनं कलम १३ब खाली अर्ज करा. नियमानं पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. पण २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाप्रमाणं, अर्ज करायच्या आधीच वेगळं राहून दीड वर्ष उलटलेलं असेल, समेटाची आशा उरली नसेल आणि देणंघेणं, मुलांचा प्रश्न सगळं मिटलेलं असेल, तर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. सहा वर्षं वेगळ्या राहिलेल्या तुमच्या बहिणीला हे चपखल लागू पडतं. तो जुना कागद टाकून देऊ नका. 'तेव्हापासून वेगळे राहतात' हे दाखवायला त्याचा उपयोग होईल.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही. आणि पोटगी, घटस्फोट अशा प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. कुणी मागितली तर विचारा कशाची.

---

माहेरवाशीण_भुदरगड · मंगळवार, रात्री ९:४४

लई बरं झालं मॅडम. उद्याच आईला सांगते. पाव्हण्यांनाबी सांगते की थोडं थांबा.

---

गडहिंग्लजचा_वकील · मंगळवार, रात्री १०:२०

ताईंच्या उत्तराला जोडून वकिलांसाठी एक सांगतो. संमतीच्या अर्जात रक्कम कशी द्यायची ते नीट लिहा. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागं घेता येते, १९९१ पासून हा कायदा पक्का आहे. सगळी रक्कम आधी दिली आणि बाईनं माघार घेतली तर नवरा अडकतो. काहीच दिलं नाही आणि हुकूमनामा झाला तर बाई अडकते. मी अर्धी रक्कम पहिल्या तारखेला, अर्धी कोर्टात डिमांड ड्राफ्टनं हुकूमनाम्याच्या दिवशी, असं ठेवतो. स्त्रीधनाची यादी अर्जालाच जोडतो, पावतीसह.

आणि हल्ली पक्षकार मोबाइलवर वाचून येतात, 'संसार पूर्ण मोडलाय म्हणून लगेच घटस्फोट मिळतो म्हणे'. २०२३ च्या शिल्पा शैलेश निकालात तो अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे. इथल्या कोर्टाला तो नाही. पहिल्याच भेटीत सांगून टाकावं.

---

नवी_सनद · बुधवार, दुपारी १२:०५

रेकॉर्डिंगचं कुणी सांगेल का? माझ्या पक्षकाराकडं बायकोच्या बोलण्याचे चाळीस कॉल आहेत. ते घेतात का आता?

---

वस्त्रनगरी · बुधवार, दुपारी १:४०

घेतात. १४ जुलै २०२५ चा विभोर गर्ग विरुद्ध नेहा हा निकाल वाचा. पती-पत्नीतलं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलं एवढ्याच कारणावरून त्यांच्या आपसातल्या दाव्यात ते बाद होत नाही. पण ते दाखल झालं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. मूळ फोन जपा, विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचे दोन भाग आहेत: भाग ए तुमचा पक्षकार भरतो, भाग बी तज्ज्ञ. हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहायची असते. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ब चा मजकूर तसाच चिकटवलेले कागद मी अजून बघतो.

आणि चाळीसच्या चाळीस देऊ नका. स्वतः बसून ऐका. संदर्भ पूर्ण असलेले दोन-तीन निवडा, त्यांचं शब्दशः लेखन करून जोडा. तोडून लावलेला अर्धा कॉल उलटला तर सावरता येत नाही.

---

सहा_जिल्हे · बुधवार, रात्री ९:००

वरच्या कोर्टाचं मी सांगतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं पीठ) कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं. त्याच्याकडं सहा जिल्हे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. चार दशकांहून जास्त लढलो आपण त्यासाठी. कौटुंबिक प्रकरणात याचा अर्थ काय ते पक्षकारांना पटकन कळतं: पूर्वी अपिलाच्या तारखेला रात्रभर रेल्वेनं मुंबई, आता चंदगडची बाई पहाटेच्या एसटीनं अर्ध्या तिकिटात येऊन संध्याकाळी घरी.

पण वाट कोणती ते आधी बघा. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ खाली उच्च न्यायालयात अपील, दोन न्यायाधीशांपुढं. अंतरिम आदेशावर अपील नाही, रिट. पोटगीच्या फौजदारी बाजूच्या अंतिम आदेशावर पुनर्निरीक्षण, तेही उच्च न्यायालयात. कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीबाहेर, सिनिअर डिव्हिजनकडनं (दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर) हुकूमनामा झाला असेल तर अपील जिल्हा न्यायालयात. मुदत कौटुंबिक न्यायालय कायद्यात तीस दिवस आणि हिंदू विवाह कायद्यात नव्वद. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०१६ मध्ये हिंदू विवाह कायद्याच्या अपिलांना नव्वद दिवस धरले आहेत. तरी नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच करा.

---

पन्हाळ्याची_लेक · गुरुवार, सकाळी ११:१५

सगळे पैशांवर बोलताय, मी मुलांवर बोलते. मी समुपदेशनाचं काम करते.

'वडिलांना दर रविवारी मुलाची भेट द्यावी.' असा एका ओळीचा आदेश घेऊन लोक येतात, आणि पुढचे सहा महिने प्रत्येक रविवारी भांडण. किती वाजता? कुठं? कोण आणणार? आई पंधरा मिनिटं थांबून निघून जाते, बाप विसाव्या मिनिटाला पोचतो, आणि पोरगं मध्ये रडत असतं. यात वाईट कुणीच नसतं, आदेश अर्धवट असतो. वकील मंडळींनी मसुदा देतानाच वेळ, जागा, कोण आणणार, किती वेळ थांबायचं, मूल आजारी असेल तर कोणत्या नंबरवर कळवायचं हे लिहून द्यावं. जागा मोकळी असावी. रंकाळ्याजवळच्या बागेत लहान मूल रमतं, बसस्थानकावरच्या गर्दीत घाबरतं. मे महिना आणि दिवाळी कशी वाटायची ते तारखांसह लिहा. गावची जत्रा विसरू नका, जोतिबाच्या यात्रेला नातवाला न्यायचं म्हणून आजोबा हटून बसलेले मी पाहिलेत, आणि त्यांचं दुखणं खरं असतं. बाप परगावी असेल तर व्हिडिओ कॉलचा वार आणि वेळ. २०२० च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा संपर्काच्या हक्काबद्दल लिहिलंय.

आणि हात जोडून सांगते, न्यायाधीश मुलाशी बोलणार असतील त्याच्या आदल्या रात्री त्याला पढवू नका. सात वर्षांचं मूल 'माझे वडील जबाबदारी टाळतात' असं बोललं की खोलीतल्या सगळ्यांना कळतं ते वाक्य कुणाचं आहे. त्रास मात्र त्या मुलाला होतो, कितीतरी दिवस.

---

गडहिंग्लजचा_वकील · गुरुवार, दुपारी ३:००

पन्हाळ्याची लेक, हे छापून आमच्या बाररूममध्ये लावतो.

आपल्या या भागात १९१९ साली शाहू महाराजांनी स्त्रियांना क्रूरपणानं वागवण्यास मनाई करणारा कायदा केला होता. घरगुती हिंसाचाराचा कायदा देशात आला २००५ मध्ये. आपण त्या गादीच्या गावात वकिली करतो, तेव्हा निदान शपथपत्राचा नमुना तरी बरोबर जोडला पाहिजे.

---

नवी_सनद · गुरुवार, रात्री ९:२५

एक शेवटचं. पोटगीचा आदेश झाला, नवरा देत नाही. वसुलीसाठी किती दिवस थांबायचं?

---

करवीरकन्या · गुरुवार, रात्री १०:१०

थांबायचंच नाही. कलम १४४ खाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत द्यावा लागतो. 'देईल, देईल' म्हणत दोन वर्षं काढलेल्या बाया येतात आणि जुनी थकबाकी हातची जाते. मी तीन महिन्यांची थकली की अर्ज देते. डायरीत प्रत्येक पक्षकाराची तारीख लिहून ठेवलीय.

माझ्या प्रकरणाचं सांगते. आठ अ काढला, गट चार निघाले. ई-पीक पाहणीत आडसाली ऊस. जमीन आजोबांकडून वारसानं आलेली. नवऱ्याच्या नावानं दूध संस्थेत खातं आहे, हे मुलीला मुळातच माहीत होतं, मीच कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या नमुन्यातलं शपथपत्र मागणारा अर्ज आणि संस्थेच्या सचिवांना समन्स काढायचा अर्ज, दोन्ही टाइप करून ठेवलेत. सोमवारी तारीख आहे.